जोतं कुणाचं?

(मंडळाच्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. संपादकांच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे. बोलताना वेळेअभावी राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी इथे भरल्या आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



कार्यकारिणीतून फोन आला तेव्हा मला एकच अट घातली होती, "पंधरा मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर बोलू नकोस." अट रास्त आहे. या हॉलमधले निम्मे लोक दिवसभर तेच करतात आणि उरलेले निम्मे घरी त्याबद्दलच्या तक्रारी ऐकतात. म्हणून आज मी मोटारगाड्यांबद्दल बोलणार आहे. त्यातही एका अगदी साध्या प्रश्नाबद्दल : एखादी गाडी जेवढी असते तेवढीच का असते? चार मीटरच का, साडेचार का नाही? आपल्याला वाटतं, गिऱ्हाइकाला जेवढी हवी तेवढी कंपनी बनवते. तसं फार क्वचित होतं.

हा प्रश्न माझा नाही, माझ्या वडिलांचा आहे. बाबा पिंपरीला टेल्कोत होते. आयुष्य बॉडी शॉपमध्ये गेलं. टेल्कोचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण आमच्या घरात ती अजूनही टेल्कोच आहे. दोन वर्षांपूर्वी आई-बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. ट्युलिप झाले, पवनचक्क्या झाल्या, मग एका पावसाळी रविवारी मी बाबांना आइंडहोवनच्या डाफ म्युझियममध्ये घेऊन गेलो. सगळे लोक गाड्यांचे रंग, दिवे, चकचकीत बंपर बघत होते. बाबा मात्र गुडघेदुखी विसरून एका गाडीशेजारी चक्क जमिनीवर बसले आणि वाकून खाली बघायला लागले. तिथला एक वयस्कर स्वयंसेवक घाईघाईने आला आणि काळजीने म्हणाला, "खाट हेत, मेनेर?" म्हणजे, बरे आहात ना? बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हा मला खाट कशाला देतोय?"

हसून झाल्यावर मी विचारलं, खाली काय बघताय? तर म्हणाले, "अरे, गाडी वरून बघायची नसते. वरचा पत्रा काय, दर दोन वर्षांनी बदलतात. जोतं बघ, जोतं."

जोतं म्हणजे काय

इंग्रजीत ज्याला प्लॅटफॉर्म म्हणतात त्याला मराठीत काय म्हणायचं? फलाट म्हटलं की दादर आठवतं, व्यासपीठ म्हटलं की हारतुरे आठवतात. बाबांचा शब्द मला एकदम पटला. आमचं गावाकडचं घर पाच खणांचं. घर किती खणांचं ते जोतं बांधतानाच ठरतं. नंतर वर कौलं घाला, पत्रा घाला, माडी चढवा, भिंतीला निळा रंग द्या, पण घराची रुंदी काही बदलत नाही. फार तर मागच्या बाजूला पडवी काढता येते.

गाडीचंही तसंच. जमिनीचा पत्रा, पुढच्या-मागच्या चाकांची बैठक, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली भिंत, स्टिअरिंग, पेडल, या सगळ्यांचा मिळून जो सांगाडा होतो ते गाडीचं जोतं. ते बनवायला जे प्रचंड डाय लागतात आणि ज्या चाचण्या कराव्या लागतात, त्यांत कंपनीचा सर्वांत जास्त पैसा आणि वेळ जातो. म्हणून एकदा जोतं घातलं की त्यावर जमतील तेवढी घरं बांधायची, हा धंद्याचा नियम. आता गंमत अशी, की जोत्याची लांबी वाढवणं त्यातल्या त्यात सोपं असतं. मधे किंवा मागे पत्र्याचा तुकडा जोडता येतो. रुंदी वाढवायची तर मात्र पुढच्या भिंतीपासून चाकांच्या बैठकीपर्यंत सगळंच नव्याने करावं लागतं. थोडक्यात, पडवी काढता येते, खण वाढवता येत नाही.

एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं, की रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांचं कोडं सुटतं.

पाच मीटरची शेवरलेट

आता थोडं अमेरिकेत जाऊ, पण मुंबईमार्गे. आपल्या आजोबांच्या पिढीला अमेरिकन गाड्या नवीन नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ सालीच मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, तो १९५४पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या जायच्या. क्रायस्लर परदेशी पाठवायच्या मालात एक युक्ती करत असे. प्लिमथचीच बॉडी घ्यायची, तोंड बदलायचं, की एका दुकानात ती डॉज आणि दुसऱ्या दुकानात डिसोटो. एकाच मुलाला तीन शाळांचे गणवेश!

त्यांच्या देशात या युक्तीचा परिणाम गाडीच्या आकारावर कसा झाला ते बघा. जनरल मोटर्सची सर्वांत स्वस्त गाडी शेवरलेट, सर्वांत महाग कॅडिलॅक. १९५७ साली क्रायस्लरने लांब, बुटक्या, कल्लेदार गाड्या बाजारात आणल्या आणि जनरल मोटर्सची धांदल उडाली. घाईघाईने सगळं नव्याने करायचं, तर प्रत्येक विभागाला वेगळी बॉडी कशी परवडणार? म्हणून १९५९ साली शेवरलेटपासून कॅडिलॅकपर्यंत पाचही विभागांच्या गाड्या एकाच मूळ बॉडीवर बेतल्या. आता कॅडिलॅक तर छोटी करता येत नाही. मग छोटीने मोठं व्हायचं! १९५७ची शेवरलेट सुमारे ५.०८ मीटर होती, १९५९ची ५.३६ मीटर झाली. दोन वर्षांत एक फुटाच्या आसपास वाढ. साध्या नोकरदार माणसाने काही पाच मीटर छत्तीस सेंटिमीटरची मागणी केली नव्हती. जोतं सामायिक होतं, म्हणून ती त्याच्या दारात आली.

त्यामुळे खालची जागा मोकळी पडली. ती भरायला १९६०च्या मॉडेलमध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी छोट्या गाड्या आणल्या. फोर्डची फाल्कन ४.६० मीटरची होती. काटकसरीची, संसारी गाडी. आणि १९६४ साली याच फाल्कनच्या जोत्यावर फोर्डने मस्टँग उभी केली. लांबी ४.६१ मीटर! तरुण पोरांची स्वप्नातली गाडी जेवढी होती, तेवढी ती मुख्यतः खालच्या संसारी गाडीमुळे होती. तेच जोतं ताणून १९६२ साली पाच मीटरची फेअरलेन आधीच काढली होती. ती पडवी.

इकडे युरोपात त्याच १९५९ साली ब्रिटिशांची मिनी आली. लांबी ३.०५ मीटर. एका शेवरलेटच्या जागेत जवळजवळ पावणेदोन मिन्या! तिच्या कर्त्याने, म्हणजे अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी, इंजिन आडवं टाकून जोतंच नवीन घातलं होतं, म्हणून हे जमलं. ही मिनी लक्षात ठेवा, ती आपल्या लिम्बर्गमध्ये परत भेटणार आहे.

कोळशाच्या जागी मोटारी

तर बाबा ज्या गाडीखाली वाकून बघत होते ती डाफ ६००. आइंडहोवनच्या हुब फान डोर्ने यांच्या कारखान्याने १९५८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती मांडली. ३.६ मीटरची, दोन सिलिंडरची आणि गिअर न बदलता चालणारी. रबरी पट्ट्यांवर चालणारी 'व्हेरिओमॅटिक' ही त्यांची स्वतःची करामत. जोतं स्वतःचं, डोकं स्वतःचं. बाबा खाली वाकून त्या पट्ट्याच शोधत होते. सापडल्या तेव्हा म्हणाले, "ही तर आपली पिठाची गिरणी!"

पुढे धंदा वाढला. त्याच सुमारास दक्षिण लिम्बर्गमधल्या कोळशाच्या खाणी बंद करायचं ठरलं. योप डेन आउल या मंत्र्यांनी डिसेंबर १९६५मध्ये हेर्लेनला येऊन ते जाहीर केलं. खाणकामगारांना काम हवं म्हणून डाफचा मोटारींचा कारखाना १९६७-६८मध्ये बॉर्नला उभा राहिला. मी सिटार्डला राहतो, तिथून तो अगदी हाकेच्या अंतरावर आहे. पण छोट्या कंपनीला नवनवीन जोती घालणं परवडेना. १९७५ साली मोटार विभागाचा ७५ टक्के हिस्सा व्होल्वोकडे गेला आणि डाफ ६६ ही थोडी डागडुजी होऊन व्होल्वो ६६ झाली. डाफने आखत आणलेली पुढची गाडी १९७६ साली व्होल्वो ३४३ या नावाने बाहेर पडली. तिच्या घराण्यातल्या अकरा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. म्हणजे घर डाफने आखलं होतं, पाटी व्होल्वोची लागली.

१९९१ साली डच सरकार, व्होल्वो आणि मित्सुबिशी अशा तिघांच्या भागीत नेडकार झालं. १९९५पासून एकाच छपराखाली, एकाच जोत्यावरून मित्सुबिशी करिस्मा आणि व्होल्वो एस ४० निघू लागल्या. दोन्हींच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या किंचित वर. एक जपानी, एक स्वीडिश, दोघी वाढल्या लिम्बर्गच्या पाण्यावर. मग २००४ साली मित्सुबिशी कोल्ट आणि स्मार्ट फोरफोर आल्या. इथे तर कमालच. मूळ दोन सीटांची स्मार्ट तुम्हाला ठाऊक आहे, १९९८ साली आली तेव्हा ती बंपरपासून बंपरपर्यंत अडीच मीटर होती. फोरफोरची नुसती चाकांमधली लांबी अडीच मीटर! कारण तेवढी कोल्टची होती. नाव 'स्मार्ट', आकार शेजारणीचा. ही फोरफोर दोन वर्षांत बंद पडली.

२०१२ साली मित्सुबिशी बाहेर पडली आणि व्हीडीएल या डच उद्योगसमूहाने कारखाना एका युरोला घेतला. २०१४पासून तिथे बीएमडब्ल्यूसाठी मिनी बनू लागली. २०१७पासून मिनी कंट्रीमॅन आणि बीएमडब्ल्यू एक्स-१ एकाच जोत्यावर बॉर्नमध्ये बनत होत्या. दोन्हींच्या चाकांमधलं अंतर सारखंच, २.६७ मीटर. मिनी कंट्रीमॅनची लांबी ४.३० मीटर. १९५९च्या मिनीपेक्षा सव्वा मीटर जास्त. माझी लेक सहा वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "बाबा, मिनी म्हणजे छोटी ना? मग ही एवढी मोठी का?" तेव्हा मी "जाहिरात असते बाळा" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं, की सुरक्षेचे नियम आणि लोकांची हौस ही कारणं आहेतच, पण ती ज्या जोत्यावर उभी होती ते बीएमडब्ल्यूच्या एसयूव्हीचंसुद्धा होतं.

पिंपरीची गोष्ट

आता आपल्याकडे येऊ. टेल्कोने १९८८ साली टाटामोबाइल हा पिकअप काढला. खाली ट्रकसारखी मजबूत शिडीची चासी. त्याच जोत्यावर १९९१ साली सिएरा, १९९२ साली इस्टेट आणि १९९४ साली सुमो. सुमो हे नाव सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या अक्षरांवरून आलेलं, हे पुणेकरांना सांगायला नको. आमच्या लग्नांच्या वऱ्हाडात सुमोत किती माणसं बसली याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण ती बसू शकली कारण खाली मालवाहू गाडीचं जोतं होतं. सिएरा श्रीमंती, सुमो वऱ्हाडी, पाया एकच.

मग इंडिका. जानेवारी १९९८मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ती दाखवली, तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. बाबा त्या वर्षी घरी फारसे दिसले नाहीत. पण एका रात्री जेवताना म्हणाले, "ही आपली. खालून वरपर्यंत." वरचा आकार इटलीच्या मदतीने आखलेला, हे त्यांना माहीत होतं. त्यांना म्हणायचं होतं की जोतं आपलं. मला तेव्हा ते कळलं नाही.

आणि जोतं आपलं असण्याचा उपयोग पुढे झाला. २००२ साली चाकांमधलं अंतर पाच सेंटिमीटर वाढवून, मागे डिकी जोडून इंडिगो काढली. लांबी ४.१५ मीटर. २००६च्या अर्थसंकल्पात सरकारने छोट्या गाडीची व्याख्या केली : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२००पर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत. त्यात बसलात तर अबकारी कर २४ऐवजी १६ टक्के. आता करापायी पंधरा सेंटिमीटर कुठून काढायचे? जोत्याला हात लावणं महाग. मग २००८ साली मागची डिकीच कापून इंडिगो सीएस आणली, ३.९९ मीटर. पडवी जोडता येते तशी पाडताही येते! पुढे इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. भारतात डिकी तोडल्यासारख्या दिसणाऱ्या गाड्या का आहेत, याचं उत्तर हे. ही चार मीटरची रेघ अजून आहे. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी बदलला तेव्हाही छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के, हे याच रेघेवर ठरलं.

उलटं उदाहरणही पुण्याचंच. टाटांनी २००८ साली जग्वार लँड रोव्हर घेतली आणि २०१९ साली लँड रोव्हरच्या जोत्यावरून घडवलेली हॅरिअर काढली. रुंदी १.८९ मीटर. सदाशिव पेठेच्या गल्ल्यांचा विचार करून कुणी एवढी रुंदी ठरवेल का? ती मूळ जोत्याबरोबर आली. २०२१ची सफारी म्हणजे तीच हॅरिअर, चाकांमधलं अंतर तेच, फक्त मागे सहाएक सेंटिमीटर आणि तिसरी रांग. परत पडवी.

शेजारचे आजोबा

एवढं सगळं सांगितलं ते एका माणसामुळे. आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. आजोबा म्हणतो, पण वय फार नाही, साठीला टेकलेत. त्यांचे वडील खाणीत होते. हे तरुणपणी बॉर्नच्या कारखान्यात लागले. त्यांनी व्होल्वो जोडली, करिस्मा जोडली, कोल्ट जोडली, शेवटी मिनी जोडली. फेब्रुवारी २०२४मध्ये शेवटची मिनी बाहेर पडली आणि बॉर्नमधलं मोटारींचं काम थांबलं. त्या दिवशी संध्याकाळी ते कुंपणाशी उभे होते. काय बोलावं ते मला सुचेना. तेच म्हणाले, "आम्ही कुठलीही गाडी करू शकत होतो. पण आमची अशी एकही नव्हती."

मी आत आलो आणि मला बाबांचं 'ही आपली, खालून वरपर्यंत' आठवलं. पंचवीस वर्षांनी कळलं. कौशल्य कमी पडलं म्हणून बॉर्न थांबलं नाही. कितीही सुबक घर बांधलं, तरी जोतं दुसऱ्याचं असेल तर एक दिवस तो मालक म्हणतो, पुढचं घर मी दुसरीकडे बांधतो. तुमच्या हातात उरतात ती अवजारं.

कॉम्प्युटरवर बोलायचं नाही असं ठरलं होतं, तरी एक वाक्य बोलतो. मी कन्सल्टंट आहे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या गोदामाच्या कामात मी दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या सुट्या भागांच्या याद्या जुळवत होतो. शेकडो भाग तेच, नंबर वेगळे आणि किमतीही वेगळ्या. मी मोठ्या अभिमानाने तो अहवाल दिला. अहवालाचा पहिला उपयोग असा झाला, की दोनऐवजी एकच गोदाम ठेवलं गेलं. सामायिक जोत्याने खर्च वाचतो हे खरंच आहे. कुणाचा वाचतो आणि कुणाच्या पगारातून वाचतो, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. आता विचारतो. दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही.

आपण इथे बसलेले बरेचसे लोक दुसऱ्याच्या जोत्यावरच घर बांधतो आहोत. व्हिसा त्यांचा, कंपनी त्यांची, भाषा त्यांची. त्यात वाईट काही नाही, बॉर्नने तशाच पन्नासएक वर्षं संसार चालवले. मला एवढंच वाटतं, की आपलं असं थोडं तरी काही खाली असावं. कुणाचं ते कसब असेल, कुणाची भाषा, कुणाचं हे मंडळ.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो. आई-बाबा परत जायच्या आदल्या दिवशी शेजारच्या आजोबांनी बाबांना त्यांच्या गॅरेजमध्ये नेलं. तिथे त्यांनी जपून ठेवलेली बॉर्नची एक जुनी व्होल्वो आहे. यांना मराठी येत नाही, त्यांना डच येत नाही, इंग्रजी दोघांचंही यथातथाच. मी दुभाष्या म्हणून निघालो, तर बाबांनी हातानेच थांब म्हणून सांगितलं. खिडकीतून मला दिसत होतं. बाबांनी दार आणि बॉडी यांच्यामधल्या फटीतून वरपासून खालपर्यंत अंगठ्याचं नख फिरवलं. फट सगळीकडे सारखी आहे का, ते बघत होते. मग मान डोलावली. आजोबांनी दार उघडून परत लावलं, आवाज ऐकवला. बाबांनी पुन्हा मान डोलावली. मग दोघंही, एकजण गुडघा धरून आणि एकजण कंबर धरून, खाली वाकले.

आम्ही जेवायला बोलावलं तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता.